स्ट्रक्चरल अलर्ट लागला म्हणून सगळी मालिका सोडायची का?

थायाझोल_टोक (प्रश्न)

कायनेज इनहिबिटरची (कायनेज एन्झाइम रोखणाऱ्या रेणूंची) एक मालिका आहे. दुखणं दाहाचं, म्हणजे औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागेल. कर्करोगाचा विषय नाही. रेणूचा सांगाडा असा: एका टोकाला एसाइल केलेलं २-ॲमिनोथायाझोल (४ आणि ५ दोन्ही जागा मोकळ्या), मध्ये पायपेरिडीन (पीकेए, म्हणजे इथे अल्कधर्मीपणाचं माप, ९ च्या आसपास), दुसऱ्या टोकाला बेंझोडायॉक्सोल-५-ॲमिनपासून केलेलं अनिलाइड. सर्वांत चांगल्या कंपाउंडचा सीलॉगपी (रेणू चरबीत किती विरघळेल याचा गणिती अंदाज) ४.१. डोसचा आत्ताचा अंदाज दिवसाला ३०० मिग्रॅ.

आरडीकिट या सॉफ्टवेअरमध्ये पेन्स आणि ब्रेंक हे फिल्टर (संशयास्पद गटांच्या याद्या; गट जुळला की स्ट्रक्चरल अलर्ट लागतो) चालवले, शिवाय इतर दोन-तीन नियमसंच. प्रत्येक यादी वेगळं बोलते. कुठे थायाझोल लाल, कुठे बेंझोडायॉक्सोल, एका यादीत काहीच नाही. सोबत तपासलेली विकत घेतलेली काही रोडानीन कंपाउंड्स पेन्समध्ये अडकली.

विचारायचं आहे ते एवढंच: कुठला अलर्ट खरा धोका मानायचा, कुठला सोडून द्यायचा, आणि प्रयोग कुठल्या क्रमाने करायचे?

---

यादीवाचक

आधी याद्या वेगळ्या करा, कारण त्या एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत.

पेन्सचा विषारीपणाशी थेट संबंध नाही. जोनाथन बेल आणि जॉर्जिना हॉलोवे यांनी २०१० मध्ये ते ४८० नमुने दिले, ते चाचणीत खोटा सिग्नल देणारे रेणू ओळखण्यासाठी. आणि ते बहुतांशी अल्फास्क्रीन या एकाच प्रकारच्या चाचणीच्या माहितीवरून काढलेले आहेत. म्हणून पेन्सचा झेंडा लागला की प्रश्न विचारायचा तो "हा परिणाम खरा आहे का?" रोडानीनची चाचणी ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० घालून पुन्हा करा, प्रकाश वापरत नाही अशा दुसऱ्या पद्धतीने पडताळा, आणि तरीही परिणाम टिकला तरच त्यांच्याकडे वळून बघा. बेंझिलिडीन रोडानीनवर वेळ घालवू नका असंच मी म्हणेन.

ब्रेंकचे १०५ नमुने (२००८) हे स्क्रीनिंगसाठी रेणूसंग्रह जमवताना वापरायचे. त्यात खरोखर विषारी गट आहेत, तसेच नुसते अस्थिर किंवा शरीरात नीट न टिकणारेही आहेत. त्यामुळे "ब्रेंकमध्ये नापास" या दोन शब्दांना काही अर्थ नाही. कुठला नमुना लागला ते नाव बघायचं. इथे एक चूक फार होते: आरडीकिटमधलं गेटफर्स्टमॅच फंक्शन वापरलं की पहिलाच अलर्ट मिळतो आणि मागचे झाकले जातात. गेटमॅचेस वापरा आणि प्रत्येक अलर्टसाठी रेणूतले कुठले अणू जुळले तेही छापून घ्या. चित्रावर ते अणू रंगवले की अर्धी शंका तिथेच फिटते.

फिल्टर चालवण्याआधीची साफसफाईही तितकीच महत्त्वाची. क्षाराचा भाग काढा; मेसिलेट तसंच ठेवलं तर सल्फोनिक आम्लाचा अलर्ट लागतो, आणि तो तुमच्या रेणूचा नसतोच. भार उदासीन करा, टॉटोमर (हायड्रोजनची जागा बदललेली रूपं) एका पद्धतीने ठरवा. उलट बाजूही बघा: अनेक संचांतला ॲनिलीनचा नमुना मोकळा एनएच२ शोधतो. अनिलाइड त्यातून सहज निसटतं. तुमची जी यादी "काहीच नाही" म्हणाली, ती बहुधा याच कारणाने गप्प आहे.

यानंतर उरलेले अलर्ट मी दोन ढिगांत टाकतो. पहिल्यात स्वतःच इलेक्ट्रोफाइल (प्रथिनांतल्या इलेक्ट्रॉनसमृद्ध जागांना चिकटणारे) असलेले: आम्ल क्लोराइड, सल्फोनिल क्लोराइड, आयसोसायनेट, इपॉक्साइड, साधं अल्काइल ब्रोमाइड. हे मुद्दाम ठेवायचं कारण नसेल तर बाद. (मुद्दाम ठेवतात तेही असतात. इब्रुटिनिब आणि ओसिमर्टिनिबमधलं ॲक्रिलामाइड सिस्टीनला पकडण्यासाठीच बसवलंय.) दुसऱ्या ढिगात, यकृतातल्या एन्झाइमनी बदल केल्यावरच घातक होणारे: ॲनिलीन, नायट्रो, हायड्राझीन, फ्युरान, थायोफीन, थायाझोल, मेथिलीनडायॉक्सी (म्हणजेच बेंझोडायॉक्सोल). तुमचे तिन्ही (अनिलाइड ॲनिलीनमध्ये धरून) या दुसऱ्या ढिगातले. इथे फिल्टर फक्त शंका उपस्थित करतो, निकाल चयापचय आणि डोस मिळून देतात.

---

सूक्ष्मकणिका

वरच्याशी सहमत. तिन्ही गटांचं नेमकं काय होतं ते सांगते, कारण उपाय तिथूनच निघतो.

थायाझोलच्या ४-५ दुहेरी बंधावर सिप (यकृतातली, औषधांचं ऑक्सिडीकरण करणारी) एन्झाइम इपॉक्साइड करतात, ते पाणी घेऊन डायोल होतं, कडं उघडतं. मागे एसाइल थायोयुरिया उरतं आणि ग्लायॉक्झाल बाहेर पडतं. थायोयुरियाच्या गंधकाचं पुढे ऑक्सिडीकरण होतं आणि तो प्रथिनांना चिकटतो. याचं सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण म्हणजे सुडोक्सिकॅम आणि मेलोक्सिकॅम. दोघांत फरक एका मेथिलचा, थायाझोलच्या ५ क्रमांकावरचा. सुडोक्सिकॅम यकृताच्या गंभीर दुष्परिणामांमुळे क्लिनिकल चाचण्यांतच थांबलं. मेलोक्सिकॅममध्ये एन्झाइमला ते मेथिल सोपं सापडतं, ऑक्सिडीकरण तिकडे वळतं, कडं उघडण्याचा मार्ग किरकोळ राहतो. शिवाय त्याचा डोस ७.५ ते १५ मिग्रॅ. ते आजही वापरात आहे. फिल्टरला मात्र दोघेही सारखेच लाल दिसतात!

बेंझोडायॉक्सोलची दोन दुखणी. एक, मधल्या सीएच२वर ऑक्सिडीकरण होऊन कार्बीन तयार होतं आणि ते सिपच्या लोहाला घट्ट धरून बसतं. पॅरोक्सेटीन सिप २डी६ला असंच निकामी करतं. दुसरं, सीएच२ निघून गेलं की कॅटेकॉल आणि मग ऑर्थोक्विनोन. पॅरोक्सेटीन आणि टाडालाफिल दोन्हींत हा गट आहे आणि दोन्ही चालतात, कारण डोस वीस मिग्रॅच्या घरात (टाडालाफिलचा त्याहून कमीही) आणि बनलेलं कॅटेकॉल शरीर मेथिल किंवा ग्लुक्युरोनाइड लावून पटकन बाहेर काढतं.

पण तुमच्या रेणूत एक गोष्ट जास्त काळजीची वाटते. अनिलाइडचा नायट्रोजन बेंझोडायॉक्सोलच्या एका ऑक्सिजनच्या बरोबर समोर, पॅरा जागी आहे. सीएच२ गेलं की तिथे पॅरासिटामॉलसारखीच मांडणी उघडी पडते, वर एक जादा ओएच. म्हणजे ऑर्थोक्विनोन आणि क्विनोन-इमीन, दोन्ही रस्ते खुले. दोन अलर्ट वेगवेगळे मोजून ही गोष्ट दिसत नाही. कागदावर चयापचय एकेक पायरी काढावं लागतं.

आता ट्रॅपिंग, म्हणजे तयार झालेला रिॲक्टिव्ह मेटाबोलाइट ग्लुटाथायोनला जोडून पकडणं; जोडून बनतो तो ॲडक्ट. साधी मांडणी: मानवी यकृताचे मायक्रोसोम (सिप असलेले पेशीपटलांचे बारीक कण) १ मिग्रॅ/मिली, कंपाउंड १० मायक्रोमोलर, एनएडीपीएच (सिपला लागणारा सहघटक) १ मिलिमोलर, ग्लुटाथायोन ५ मिलिमोलर, १०० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट पीएच ७.४, ३७ अंशांवर ६० मिनिटं. मग थंड ॲसिटोनायट्राइल घालून थांबवायचं, सेंट्रिफ्यूज, एलसी-एमएस (घटक वेगळे करून वस्तुमान मोजणं). ग्लुटाथायोनचं द्रावण आम्लधर्मी असतं; ते पीएच ७.४ला न आणता ओतलं तर एन्झाइम मंदावतात आणि ॲडक्ट "नाही" असा निकाल येतो. द्रावण त्याच दिवशी करा, ते हवेत ऑक्सिडाइज होतं. एनएडीपीएच नसलेली नळी हवीच: तिच्यातही ॲडक्ट आला तर रेणू मूळचाच रिॲक्टिव्ह आहे, चयापचयाला दोष देऊ नका.

पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून क्लोझापीन ठेवा. मूळ आयन ३२७, ॲडक्ट ६३२, म्हणजे अधिक ३०५. पॉझिटिव्ह मोडमध्ये १२९चा न्यूट्रल लॉस (आयन फुटताना भाररहित तुकडा गळणं) बघतात. ६३२ वरून ५०३. निगेटिव्ह मोडमध्ये २७२चा प्रिकर्सर स्कॅन (तो तुकडा देणारे मूळ आयन शोधणं) जास्त प्रकार पकडतो. शक्य असेल तर अर्धं साधं आणि अर्धं जड समस्थानिकाचं ग्लुटाथायोन (ग्लायसीनमध्ये दोन कार्बन-१३ आणि एक नायट्रोजन-१५) मिसळा. खरा ॲडक्ट ३ डाल्टन अंतरावरच्या जोडीने दिसतो, ६३२ आणि ६३५ जवळपास सारख्या उंचीचे. एकटं शिखर आलं तर ते बाहेरचं काही आहे.

तुमच्या मालिकेत नुसतं अधिक ३०५ शोधून भागणार नाही. कॅटेकॉलमार्गे आलेला ॲडक्ट अधिक २९३ वर असेल, कारण सीएच२ जाऊन दोन हायड्रोजन आल्याने आधी १२ कमी झालेले असतात. थायाझोलचं उघडणं ग्लुटाथायोनशिवायही दिसतं: एसाइल थायोयुरिया मूळ वस्तुमानापेक्षा २४ने कमी. ते शिखर आवर्जून शोधा, कारण ॲडक्ट हाती लागला नाही तरी कडं उघडतंय हे त्यावरून कळतं. पायपेरिडीनमुळे इमिनियम होऊ शकतं, ते ग्लुटाथायोनला धरवत नाही. त्यासाठी वेगळ्या नळीत पोटॅशियम सायनाइड १ मिलिमोलर. ॲडक्ट अधिक २५ वर. ही नळी फॉर्मिक आम्ल घातलेल्या ॲसिटोनायट्राइलने कधीही थांबवू नका, हायड्रोजन सायनाइड सुटतो. फ्यूम हूडमध्येच काम, आणि उरलेलं द्रावण अल्कधर्मी ठेवूनच टाकायला द्यायचं.

सिप निकामी होतं का हे बघायला आयसी५० (निम्मी क्रिया थांबवणारी मात्रा) शिफ्ट पुरते: एनएडीपीएचसह आणि त्याच्याशिवाय ३० मिनिटं आधी उबवून ३ए४ आणि २डी६ दोन्हींवर. दीडपटीपेक्षा जास्त सरकलं तर पुढची सविस्तर मोजणी करा. ४५५ नॅनोमीटरजवळ शोषण वाढताना दिसलं तर कार्बीनवाला मार्ग पक्का.

---

पेट्री_९८

अनिलाइडबद्दल जनुकविषाच्या बाजूने लिहितो. अमाइड तुटलं की बेंझोडायॉक्सोल-५-ॲमिन मोकळं होतं. प्राथमिक ॲरोमॅटिक अमाइन, सिप १ए२ त्याच्या नायट्रोजनवर ओएच लावतं, त्यावर ॲसिटेट किंवा सल्फेट बसतं, ते निघून जातं आणि नायट्रेनियम (धनभारित नायट्रोजन) उरतो. तो डीएनएतल्या ग्वानीनवर जाऊन बसतो.

दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

पहिला: शरीरात किती तुटतं? मानवी हिपॅटोसाइटमध्ये (यकृतपेशींत), बिस-पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट घालून आणि न घालता, मोकळं अमाइन मोजा. ते घातल्यावर अमाइन घटलं तर एस्टरेज-अमिडेज कुळातली एन्झाइम्स तोडताहेत. फक्त उंदराच्या आकड्यांवर विसंबू नका, अमाइड तोडण्यात प्राण्याप्राण्यांत मोठा फरक पडतो. प्रिलोकेनमधून ऑर्थोटोलुइडीन सुटतं आणि मेथिमोग्लोबिन वाढतं, ही याच प्रकारची जुनी गोष्ट.

दुसरा: हेच अमाइन तुमचा कच्चा मालही आहे, म्हणजे अशुद्धी म्हणून शेवटच्या औषधात उरणार. इथे आयसीएच एम७ (म्युटाजेनिक अशुद्धींबद्दलचं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्र) लागू होतं. त्यासाठी एकमेकांना पूरक दोन क्यूसार (रचनेवरून गुण सांगणारी) भाकितं लागतात, एक तज्ज्ञांच्या नियमांवरचं आणि एक सांख्यिकी. दोन्ही नकारात्मक आली तर सहसा पुरतं; विसंगत आली तर जाणकाराने कारण लिहून निर्णय द्यायचा, किंवा सरळ एम्स (जिवाणूंवरची म्युटेशन चाचणी) करायची. जन्मभर घेण्याच्या औषधात म्युटाजेनिक अशुद्धीची मर्यादा दिवसाला १.५ मायक्रोग्रॅम. तुमच्या ३०० मिग्रॅ डोसला ते ५ पीपीएम होतं. डोस २० मिग्रॅ असता तर ७५ पीपीएम चाललं असतं. ५ पीपीएम शुद्धीकरणात साधणं अवघड, मोजणंही सोपं नाही. डोसचा आकडा इथेही आडवा येतो. (पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगासाठी औषध असतं तर एम७ लागू झालं नसतं, आयसीएचचं कर्करोगाच्या औषधांसाठीचं एस९ बघितलं असतं. दाहासाठी ती सवलत नाही.)

एम्स करताना अमाइन वेगळं तपासा आणि अंतिम कंपाउंड वेगळं. जिवाणूंचे प्रकार: टीए९८, टीए१००, टीए१५३५, टीए१५३७ आणि ई. कोलाय डब्ल्यूपी२ युव्हीआरए. प्रत्येक एस९सह (इथे एस९ म्हणजे यकृतातल्या एन्झाइमचा अर्क) आणि एस९शिवाय. ॲरोमॅटिक अमाइनला एस९शिवाय काही दिसणार नाही, आणि टीए९८ अधिक एस९ ही ताटली सर्वांत आधी बोलते.

अंतिम कंपाउंड पॉझिटिव्ह आलं तर घाबरण्याआधी शुद्धता बघा. वरची मात्रा ताटलीला ५००० मायक्रोग्रॅम असते. त्यात ०.१ टक्का मोकळं अमाइन असेल तर ताटलीत ५ मायक्रोग्रॅम अमाइन गेलं. ते जोरकस म्युटाजेन असेल तर तेवढ्याने वसाहती वाढतात आणि दोष निरपराध रेणूवर येतो. पुन्हा स्फटिकीकरण करून दुसरी बॅच लावा. प्रतिसाद शुद्धतेबरोबर उतरला तर उत्तर मिळालं. निगेटिव्ह आली तरी ताटलीवरचा जिवाणूंचा पुसट थर भिंगाखाली बघायचाच. तो विरळ झाला असेल तर कंपाउंड जिवाणूंना मारतंय, आणि वसाहती न वाढण्याचं कारण तेच असू शकतं.

रचनेत बदल करायचा तर अमाइडची दिशा उलटवून बघा: कड्यावर नायट्रोजनऐवजी कार्बोनिल. तुटलं तर बेंझॉइक आम्लाचं भावंड मिळतं, ॲनिलीन नाही. कायनेजच्या खाचेत हायड्रोजन बंध उलटे पडतात, त्यामुळे ताकद जाऊ शकते. तसं झालं तर कड्यात नायट्रोजन घालून ॲमिनोपिरिडीन करा. नायट्रेनियमला आधार कमी मिळतो. अमाइनच्या शेजारी ट्रायफ्लुओरोमेथिलसारखा इलेक्ट्रॉन ओढणारा गटही त्याच कारणाने उपयोगी.

---

थायाझोल_टोक

खूप उपयोग झाला. पॅरासिटामॉलसारखी मांडणी लक्षातच आली नव्हती. एक शंका: थायाझोलवर मेथिल, बेंझोडायॉक्सोल बदललं, आणि ट्रॅपिंगमध्ये एकही ॲडक्ट आला नाही, तर यकृताची बाजू सुटली असं धरायचं का?

---

सूक्ष्मकणिका

नाही. ट्रॅपिंग हो-नाही सांगतं, किती ते सांगत नाही. नेमकं "किती" हवं असेल तर रेडिओलेबल केलेलं कंपाउंड आणि प्रथिनांना कायमचं चिकटलेलं प्रमाण. मर्कच्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये मिग्रॅ प्रथिनाला ५० पिकोमोल हे लक्ष्य मांडलं होतं. ती कडेलोटाची रेषा नाही, पण तुलना करायला चांगलं माप आहे. हा खर्च एक-दोन निवडक कंपाउंडवरच करा.

आणि यकृताला इजा करायला रिॲक्टिव्ह मेटाबोलाइट लागतोच असं नाही. फियालुरिडीन आठवा. हिपॅटायटिस बीसाठी १९९३ मध्ये चाचणी झाली, १५ रुग्णांपैकी ५ दगावले. रेणूत फिल्टर पकडेल असा ओळखीचा गट नाही. तो मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत शिरतो. तुमचा रेणू न्यूक्लिओसाइड नाही, पण मायटोकॉन्ड्रियाची चाचणी तुम्हालाही करावी लागेल: हेपजी२ (यकृताच्या कर्करोगाच्या) पेशी ग्लुकोजमध्ये आणि गॅलॅक्टोजमध्ये वाढवून आयसी५०ची तुलना. गॅलॅक्टोजमध्ये तिप्पट किंवा जास्त विषारी निघालं तर श्वसनसाखळी बघा. फियालुरिडीनसारखं औषध या २४ तासांच्या चाचणीतही सुटतं, कारण डीएनए रिकामा व्हायला अनेक दिवस लागतात. पित्तक्षार बाहेर टाकणारा बीएसईपी पंप वेगळा तपासा. आयसी५० २५ मायक्रोमोलरच्या खाली आला की मी थांबून विचार करते.

---

यादीवाचक

फिल्टर ज्याबद्दल गप्प बसतात असे तुमच्या रेणूतले गुणही बघा. पायपेरिडीनचा पीकेए ९ आणि सीलॉगपी ४.१. दोन्हींच्या वर्गांची बेरीज ९७.८. फॉस्फोलिपिडोसिससाठी (पेशींत फॉस्फोलिपिड साचण्यासाठी) पीकेए ८च्या वर, सीलॉगपी १च्या वर आणि बेरीज ९०च्या वर, असा ढोबळ नियम आहे, म्हणजे तुम्ही आत. सीलॉगपी २.५ला आणलं तर बेरीज ८७च्या घरात. ३०० मिग्रॅ डोस आणि लॉगपी ३च्या वर, ही जोडी यकृताच्या इजेच्या "दोनच्या नियमा"तही बसते (डोस १०० मिग्रॅ किंवा जास्त, लॉगपी ३ किंवा जास्त). अल्कधर्मी अमाइन आणि चरबीत विरघळणारं ॲरोमॅटिक टोक म्हणजे हर्गचीही (हृदयातली पोटॅशियम वाहिनी अडण्याची) भीती. टर्फेनाडीन गेलं आणि त्याचं आम्ल फेक्सोफेनाडीन राहिलं ते याच कारणाने. हर्गचा आयसी५० रक्तातल्या मोकळ्या कमाल पातळीच्या निदान ३० पट हवा.

म्हणून क्रम मी असा ठेवेन. सर्वांत आधी ताकद वाढवणं आणि सीलॉगपी खाली आणणं, कारण दोन्हींनी डोस उतरतो आणि डोस उतरला की वरच्या प्रत्येक भीतीची धार कमी होते. त्याच वेळी पाच-सहा कंपाउंड बनवा: थायाझोलच्या ५ जागी मेथिल, थायाझोलऐवजी १,३,४-थायाडायाझोल आणि पायराझोल, बेंझोडायॉक्सोलऐवजी २,२-डायफ्लुओरो बेंझोडायॉक्सोल (लुमाकाफ्टर आणि टेझाकाफ्टरमध्ये आहे, सीएच२वर हल्ला व्हायला हायड्रोजनच उरत नाही, मात्र फ्लुओरीनने लॉगपी वाढतो, त्याची भरपाई दुसरीकडे करावी लागेल), आणि एक उलटवलेलं अमाइड. मूळ कंपाउंडसह हे सगळे एकाच दिवशी, मायक्रोसोमच्या एकाच लॉटवर ट्रॅपिंगला लावा. वेगळ्या दिवशीची शिखरं शेजारी ठेवून उंची मोजण्यात अर्थ नसतो.

बेंझोडायॉक्सोल-५-ॲमिनची एम्स मात्र आजच पाठवा. ते पॉझिटिव्ह आलं तर अनिलाइडचं ते टोक बदलावंच लागेल, मग त्यावर आणखी दहा कंपाउंड बनवण्याचे महिने वाचतील.

---

पेट्री_९८

एम्सला पाठवताना अमाइनचा ताजा, रंगहीन नमुना द्या. ही अमाइन्स बाटलीत तपकिरी पडतात, आणि त्या तपकिरी मालात जोडले गेलेले ॲझो प्रकारचे रेणू असू शकतात. पॉझिटिव्ह निकाल नक्की कोणाचा, हे मग सांगता येत नाही. नायट्रोजनखाली साठवा, एलसीची शुद्धता त्याच आठवड्यातली जोडा.